हौशाचा खुंटा

आसराबाईनं डाव्या हातानं गायीचं शेपूट बाजूला धरलं, उजव्या हातातल्या फडक्यानं तिचं मागचं अंग टिपलं आणि फडकं उन्हात धरून बघितलं. ओलसर होतं, पण तार सुटत नव्हती. माजावरच्या गायीची बळस, तो चिकट ओघळ, कशी नितळ असते, लोंबत लोंबत जमिनीला टेकते. हे तसं नव्हतं. तिनं परत टिपलं, परत बघितलं. चांदीनं पाय उचलला नाही. नुसती पाठ खाली दाबली आणि मान वर करून अशी हंबरली की शेजारच्या गिरिजाबाईच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली.

"हंबर, हंबर," आसराबाई दात आवळून म्हणाली. "समद्या गावाला सांग."

गाव ऐकतच होतं. तांबडं फुटल्यापासून चांदीनं हेच लावलं होतं. कडब्याला तोंड लावेना, पाण्याच्या बादलीला ढुशी मारून ती सांडून ठेवलेली, खुंट्याभोवती फिरून फिरून दावं आखूड करून घ्यायची आणि सोडलं की कालवडीच्या अंगावर चढायला जायची. असं जनावर बघून कुणीही सांगावं की गाय माजावर आली आहे. गोरखनं तर बघण्याचीही वाट पाहिली नव्हती. नुसतं ऐकून फोन लावला होता. अंगणात येरझाऱ्या घालत तो बोलत होता आणि कित्येक दिवसांनी त्याच्या आवाजात तरतरी होती.

"माऊली, आज चुकवू नका. मुका माज, मुका माज म्हणून राह्यले होते ना तुम्ही? आता या अन् ऐका कशी बोंबलून राह्यली ते. दुपारपोहोत या. अन् ती कालवडच होणारी कांडी आणा, मागं बोललो होतो ती. हां, बिलकुल. मी कुठंच जात न्हाई."

फोन खिशात टाकून तो आईकडं बघून हसला. आसराबाईनं फडकं मुठीत चुरगाळलं. पोरगा हसला की तिला एरवी बरं वाटायचं. आज तिनं मान फिरवली.

टेंभुर्णीचा माऊली गावोगाव मोटरसायकलवर टाकी बांधून हिंडायचा. त्या टाकीत चांगल्या चांगल्या वळूंचं बीज बारीक कांड्यांमध्ये गोठवून ठेवलेलं असायचं. त्याच्या हातानं चांदीला श्रावणात एकदा कांडी भरली, पोळ्याला एकदा भरली. दोन्ही खेपेला गाय उलटली, गाभण राहिली नाही. त्यानंतर मात्र ती माजावर आलेली कुणाला दिसलीच नाही. माऊली म्हणाला, काही गायींचा माज मुका असतो, गुपचूप येतो आणि गुपचूप जातो, नजर ठेवा. मग काय, घरातला जो तो येता-जाता गायीचं शेपूट उचलून बघायला लागला. कणसं खुडायला आलेल्या बायकासुद्धा विचारायच्या, आली का तुमची मुकी? गोरख वैतागला. संक्रांतीपर्यंत बघतो, म्हणाला, नाहीतर बाजार दाखवतो.

माज मुका नव्हता. दसरा दोन दिवसांवर असताना चांदी अशीच दणक्यात हंबरली होती. पण त्या दिवशी गोरख सोयाबीन घेऊन जुन्या जालन्याला गेलेला, आणि त्याची बायको मनीषा माहेरी. घरात आसराबाई एकटी. तिनं माऊलीला फोन लावला नाही. गायीचं दावं सोडलं आणि ओढ्याच्या कडेकडेनं, कुणाच्या नजरेला पडणार नाही अशा बेतानं, तिला कडूबाच्या मळ्यात नेलं. हौशाकडं.

हौशा म्हणजे तिच्या नवऱ्याचा, आबारावाचा वळू. लाल कंधारी, अंगानं असा तांबूस की पावसात भिजला तर मडक्यासारखा दिसायचा. मेंढरं मोडून शेतीला लागलेल्या माणसाला जनावराचं वेड असतंच, पण आबारावाचं जरा जास्तच. हौशाच्या शिंगांना तेल लावायचं ते त्यानंच, त्याला नदीवर न्यायचं ते त्यानंच. पंचक्रोशीतल्या गायी दारात यायच्या आणि म्हातारा बाजेवर बसून, जणू काही स्वतःचीच कर्तबगारी, असा मिशीत हसायचा. लिंबाच्या झाडाखाली हौशाचा खुंटा होता. बाभळीचा, मांडीएवढा जाड. तो ठोकायला चार माणसं लागली होती.

आबाराव गेला आणि वर्ष फिरायच्या आत गोरखनं हौशा चुलतचुलत्याला, कडूबाला, विकून टाकला. त्याचंही काही चुकलं नाही. नांगरटीला ट्रॅक्टर येतो, गायीला कांडी मिळते, मग एवढं खाणारं जनावर दारात कशाला? पण हौशाला हे कोण सांगणार? दोनदा त्यानं कडूबाकडचं दावं तोडलं आणि भर उन्हात येऊन लिंबाखाली उभा राहिला. दोन्ही वेळा गोरखनं त्याला काठीनं हाणत परत नेलं. दुसऱ्या वेळी कडूबा हॉटेलात चार माणसांत बोलून गेला की बापाचं घर मुक्या जनावराला कळतं, पोराला कळत नाही. माणसं हसली. गोरख तिथंच चहा घेत होता. त्यानं कप खाली ठेवला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, माझी गाय तुमच्या दारात मरेपर्यंत येणार न्हाई. तेव्हापासून काका-पुतण्याचं बोलणं बंद. खुंटा उपटण्याइतका वेळ गोरखला मिळाला नाही, की त्याच्यानं झालं नाही, कोण जाणे. त्या खुंट्याला टेकून तो मोटरसायकल लावायला लागला.

आणि दिवाळीच्या तोंडावर कडूबानंही हौशा विकला. घाटाखालचा कुणी बेपारी आला आणि टेम्पोत घालून घेऊन गेला. आसराबाईला हे पाणवठ्यावर कळलं. घरी येऊन डोकं दुखतंय म्हणून ती पांघरूण घेऊन पडली आणि पांघरुणात मन लावून रडली. नवरा गेला तेव्हाही इतकं रडायला मिळालं नव्हतं. तेव्हा घरात माणसं होती, त्यांचं चहापाणी बघायचं होतं.

म्हणून आता सगळं चांदीच्या पोटावर होतं. त्या पोटात काही असेल तर ते हौशाचं शेवटचं होतं, म्हणजे आबारावाच्या हातचंही शेवटचं. आणि माऊलीची नळी गर्भाच्या पिशवीत गेली की ते टिकायचं नाही, गाभण गायीत नळी घातली तर वासरू पडतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण पोटात काही असेल तर गाय हंबरते कशाला? गाभण गाय शांत असते. हे तर त्याहून पक्कं ठाऊक होतं.

तिला माहेरची एक गाय आठवत होती. बांडी. पोटात वासरू असताना माजाचं सोंग आणायची. दिवसभर ओरडायची, दुसऱ्यांवर चढायची, पण तिच्यावर कुणी चढायला गेलं की वळून शिंगं दाखवायची. खरी माजावरची गाय अशावेळी खांबासारखी उभी राहते. आसराबाईनं इकडंतिकडं बघून कालवडीचं दावं सोडलं. कालवड चांदीच्या मागं आली, हुंगली आणि तिच्या कमरेवर हनुवटी ठेवली. चांदी गर्रकन वळली आणि तिला ढुशी दिली. बांडीसारखीच, आसराबाईला वाटलं. तिनं खात्री करावी म्हणून कालवडीला परत ढकललं. या खेपेला चांदी हलली नाही. चांगली उभी राहिली.

"अगं भवाने," आसराबाई हळूच म्हणाली, "एक काहीतरी सांग की."

"कुणाशी बोलून राह्यल्या, आत्याबाई?" मनीषा भाकरीचं पीठ लागलेल्या हातानं दारात उभी होती. "सकाळधरनं च्या घेतला न्हाई तुम्ही."

"मनीषा, त्याला म्हणावं आज अमावस्या हाय. आज नको भरू."

"अमावस्या कव्हाच झाली." मनीषाला हसू आलं. मग सासूच्या तोंडाकडं बघून ते मावळलं. "काय झालं?"

आसराबाईनं सांगायला तोंड उघडलं होतं. पण सुनेला सांगायचं म्हणजे तिला नवऱ्यापासून लपवायला लावायचं. तिनं कालवड ओढून परत बांधली.

"काय न्हाई. माजं डोकं फिरलंय."

मग ती गोरखकडं गेली. तो गव्हाणीतला कचरा काढत होता, पाहुणा यायचा असल्यासारखा.

"गोरख, आजचा दिस राहू दे."

"काहून?"

"अंग गरम लागतंय तिचं. आजारी असंल."

त्यानं येऊन चांदीच्या कानाला हात लावला. "गार तर हाय." मग आईकडं वळून समजुतीच्या सुरात म्हणाला, "माय, किती दिस वाट पाह्यली आपण? आजचा माज गेला की परत तीन आठवडे बसायचं. अन् ती परत मुकी झाली तर? मला काय हौस हाय का बाजार दाखवायची? तुजीच गाय हाय ती. ऱ्हावी म्हणून तर करून राह्यलो."

ते खरंच होतं, आणि त्यामुळंच तिला जास्त अवघड गेलं.

"तुजे आबा असते तर हौशाला—"

"त्याचं नाव काढू नको," गोरख म्हणाला आणि खराटा घेऊन गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला गेला.

दुपार होईपर्यंत आसराबाई एका जागी बसली नाही. तुरीच्या शेंगा सुपात घेतल्या आणि तशाच ठेवल्या. चांदीच्या कपाळाला भंडारा लावला. रस्त्यावर कुठलीही मोटरसायकल वाजली की दारात येऊन बघायची. माऊलीची गाडी पंक्चर व्हावी, असंही तिच्या मनात येऊन गेलं. मग त्या माणसाची लेकरंबाळं आठवून तिनं स्वतःच्याच तोंडात मारून घेतली. सांगून टाकावं, असं तिनं दहादा ठरवलं. पण गाय खरंच रिकामी निघाली तर? मग नसलेल्या वासरापायी पोराची चार माणसांतली आण आपण मोडली, एवढंच उरायचं. आणि न सांगावं तर तिकडं असलेलं वासरू जायचं.

माऊली आला तो घाईतच. अजून दोन गावं करायची होती. त्यानं मनीषाकडून कोमट पाणी मागून घेतलं, टाकीचं झाकण उघडलं, पांढऱ्या वाफेतून चिमट्यानं कांडी काढली आणि पेल्यातल्या पाण्यात सोडली.

"आता जल्दी. एकदा पाण्यात पडली की ही थांबत न्हाई," तो म्हणाला. कांडी पुसून त्यानं लांब नळीत बसवली, ती दातात धरली आणि हातमोजा कोपराच्या वर ओढला. गोरखनं चांदीची वेसण आवळून धरली. माऊली मागं वळला, तर गायीच्या मागं आसराबाई उभी.

"मावशी, सरका."

"आधी हात घालून बघा."

माऊलीनं दातातली नळी काढली. "हात तर घालतोच की. हाताबिगर नळी कशी जाईल?"

"नळीसाठी न्हाई. नळी राहू द्या बाजूला. पिशवी बघा. रिकामी हाय का न्हाई, ते."

"माय, काय लावलंय हे?" गोरख पुढून म्हणाला. "पिशवीत काय असंल? पोळ्याच्या नंतर कांडी भरली न्हाई, सांड दावला न्हाई. हवेनं गाभण ऱ्हाईल का?"

आसराबाईचा हात चांदीच्या कमरेवर होता.

"सांड दावला न्हाई, हे तुला काय ठाव?" ती म्हणाली.

मनीषाच्या हातातला पेला तसाच राहिला. गोरख गायीच्या मानेवरून आईकडं बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग यायच्या आधी नुसता गोंधळ होता, लहानपणी झोपेतून उठवल्यावर असायचा तसा. माऊलीनं एकदा याच्याकडं, एकदा तिच्याकडं बघितलं. मग नळी डब्यावर आडवी ठेवली आणि गायीच्या मागं गेला.

त्यानं हात आत घातला आणि मान वळवून लिंबाच्या झाडाकडं बघत राहिला. आतलं बोटांना दिसत असताना डोळ्यांना कुठंतरी ठेवावं लागतं. आसराबाई त्याच्या तोंडाकडं बघत होती. त्याच्या भुवया जवळ आल्या, लांब गेल्या, परत जवळ आल्या. चांदी कुंथली आणि शेण टाकलं. एवढा वेळ कुणाला बाळंत व्हायला लागत नाही, असं आसराबाईला वाटलं.

"हाय," माऊली म्हणाला.

"काय हाय?"

"गाभण हाय. एका बाजूला चांगली भरली." त्यानं हात काढला आणि हातमोज्यावर पाणी ओतून घेत क्षणभर थांबला. मग जरा खालच्या आवाजात म्हणाला, "बरं झालं, मावशी. एखादी गाय करती असं, गाभणपणात ओरडती. मी घाईत नळी घातली असती तर गेलं असतं."

आसराबाई खाली बसली. मनीषा तिच्याजवळ आली आणि तिनं सासूच्या पाठीवर हात ठेवला.

"अडीच-तीन महिन्यांची असंल," माऊली सांगत होता. "दसऱ्याचा सुमार." सांगता सांगता त्याचं त्यालाच काहीतरी जुळलं. दसऱ्याला या शिवारात सांड एकच होता. आणि हॉटेलातल्या त्या चहाच्या वेळी माऊली पलीकडच्याच बाकावर होता. त्याच्या तोंडावर हसू पसरायला लागलं. "म्हणजे गोरखभाऊ, कडूबाच्या दारात गाय जाणार न्हाई म्हणले होते तुम्ही, मंग ही—"

आता सांगावंच लागणार होतं. आसराबाईनं जमिनीला हात टेकला, उठायला आणि बोलायला.

"मीच नेल्ती," गोरख म्हणाला.

"तुम्ही?"

"हां. दसऱ्याच्या आधी. कांडी लागून न्हाई राह्यली, मंग म्हणलं आबाचा सांड हाय, दावून बघू." तो वेसणीची गाठ सोडवत होता. ती गाठ सुटायला अवघड नव्हती, पण त्याला वेळ लागत होता. "आज ओरडली म्हणून वाटलं, ती खेपबी वाया गेली. म्हणून तुम्हाला बोलावलं. मायला म्हणलं होतं, कुणाला बोलू नको."

"असं हाय तर," माऊली म्हणाला. मघाचं मायलेकांचं बोलणं त्यानंही ऐकलं होतं, पण ते त्यानं उकरलं नाही.

"असंच हाय. हॉटेलात इचारलं कुणी तर सांगा बराबर."

सांगितल्याशिवाय माऊली राहणार नव्हता. दिवस मावळायच्या आत टेंभुर्णीच्या अड्ड्यावर गोष्ट पोचणार, तिथून कडूबाच्या कानावर, आणि मग जो भेटेल तो गोरखला विचारणार, काय पाटील, काकाच्या दारात गेल्ता म्हणं? हे गोरखलाही कळत होतं आणि आसराबाईलाही. माऊलीनं वाया गेलेली कांडी उकिरड्यावर टाकली, टाकी बांधली, मनीषानं दिलेला चहा उभ्याउभ्या घेतला आणि गेला.

चांदी अजूनही मधूनच ओरडत होती, पण आता त्या ओरडण्याला कुणी भीत नव्हतं. मनीषा कप घेऊन आत गेली. आसराबाई तिथंच बसून होती. पोरगा आता काय बोलेल, ते ऐकायची तिनं तयारी केली होती. काहीही बोलला तरी ऐकून घ्यायचं, उलट बोलायचं नाही.

"मी जालन्याला होतो त्या दिशी," गोरख म्हणाला. तो तिच्याकडं बघत नव्हता.

"हां."

"वढ्याच्या कडनं नेली?"

"हां."

"एकटीनं?"

"एकटीनंच. कडूबा बी नव्हता मळ्यात."

गोरखनं चांदीच्या पाठीवरचं वाळलेलं शेण नखानं खरवडून काढलं. एक काढलं, दुसरं काढलं.

"कसा होता?"

आसराबाईला आधी कळलंच नाही, कोण ते. मग कळलं.

"वाळला होता जरा," ती म्हणाली. "शिंगाला तेल नव्हतं कुणी लावलं. पर वळखलं त्यानं. आधी माजा पदर हुंगला, मंग गाय."

गोरखनं मान हलवली. तो लिंबाखाली गेला, मोटरसायकलचा स्टँड काढला आणि ती ढकलत ढकलत पार फाटकापर्यंत नेऊन लावली. परत येऊन त्यानं चांदीचं दावं सोडलं. तिला लिंबाखाली आणलं आणि बाभळीच्या त्या जाड खुंट्याला दाव्याचे दोन वेढे देऊन गाठ मारली. गाठ ओढून बघितली. खुंटा जरासुद्धा हलला नाही.

चांदीनं खुंटा हुंगला. बराच वेळ हुंगला. मग सकाळपासून पहिल्यांदा पुढचे गुडघे मोडून खाली बसली.

"इथं सावली ऱ्हाती," गोरख आईकडं न बघता म्हणाला.

पौषाचे दिवस होते. वारं अंगाला झोंबत होतं आणि कालवडसुद्धा ऊन धरून उभी होती. आसराबाई उठली आणि चांदीसाठी पोतं आणायला आत गेली.